नव्वदची कॅसेट, नव्वद मिनिटं

लातुरात मी ज्या माणसाशी सगळ्यात जास्त भांडलो, त्याचं दुकान गंजगोलाईच्या बाजारामागच्या एका बोळात होतं. भांडणाचं कारण दर वेळी एकच. मला घाई असायची आणि त्यांना नसायची.

सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागलो. किडकिडीत अंगाचे, पांढरी दाढी, अंगात कायम फिकट निळा शर्ट आणि त्याच्या खिशात एक पेन्सिल. ती पेन्सिल लिहायला कमी आणि कॅसेट गुंडाळायला जास्त. बोलता बोलता समोरच्या कॅसेटच्या भोकात पेन्सिल घालून ती फिरवत राहायचे. माझा अर्धा संताप त्या पेन्सिलीकडे बघण्यात जिरून जायचा.

दुकानावर पाट्या होत्या सहा. सगळ्यात वर 'रेडिओ दुरुस्ती'. त्याखाली 'टेप रेकॉर्डिंग'. त्याखाली 'लग्नाचे व्हिडिओ शूटिंग'. मग 'सीडी रायटिंग', मग 'पेन ड्राईव्ह भरून मिळेल', आणि सगळ्यात खाली 'मोबाईलमध्ये सर्व काही'. नवं यंत्र बाजारात आलं की चाचा नवी पाटी रंगवून आणायचे आणि जुनीच्या खाली ठोकायचे. जुनी काढायची नाही. त्यामुळे दुकानाचं दार दर चार-पाच वर्षांनी वीतभर खाली यायचं. मी पडलो उंच. सीडीच्या पाटीपर्यंत मी मान वाकवून आत गेलो, पेन ड्राईव्हला कंबरेतून वाकलो, आणि मोबाईलच्या पाटीनं माझ्या कपाळावर जी खूण केली ती अजून आहे.

"चाचा, वरची एखादी तरी काढा की," मी कपाळ चोळत म्हणालो.

"कायकू? रेडिओ मेला काय?" ते म्हणाले. "कुनी मरत न्हाई, सर. एक दुसऱ्याच्या पोटात जातंय. मोबाईलमधी रेडिओ हाय का न्हाई? टेप हाय, क्यामेरा हाय, टीव्ही हाय. समदे त्या डबीत दाटीवाटीनं बसून राहिलेत. मंग मी पाटी कशाला काढू?"

मी मूळचा अर्धापूरकडचा. आमच्याकडं केळी. वडिलांना वाटायचं पोरानं केळी बघावी, मला वाटायचं आपण बेडूक चिरावेत. लातुरात शिकवण्यांना नुकता जोर आला होता. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या, कॉटबेसिसवर राहणारी पोरं, मेसचे डबे, आणि चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरापोरींचे बोर्डावरचे फोटो. मी बारावीचं जीवशास्त्र शिकवायला आलो आणि एका भाड्याच्या हॉलमध्ये उभा राहून दिवसाला चार वेळा तेच हृदय फळ्यावर काढू लागलो. खडूच्या भुकटीनं आणि ओरडण्यानं घसा बसला, तेव्हा मला ती नामी कल्पना सुचली. आपला तास कॅसेटवर भरायचा आणि पोरांना द्यायचा. सुट्टीत गावी गेली तर तिथं ऐकतील, लाईट गेली तर सेलवर ऐकतील.

कॅसेट भरून मिळण्याचं दुकान म्हणून मला कुणीतरी चाचांकडं धाडलं. मी टेबलावर कॅसेट ठेवली आणि म्हणालो, "याच्या चाळीस कॉप्या पाहिजेत. संध्याकाळपर्यंत."

चाचांनी ती उलटसुलट करून बघितली. "किती मिनिटांची हाय?"

"नव्वद."

"मंग संध्याकाळचं इसरा. आधी मी ऐकतो. मंग एक एक कॉपी करतो. नव्वदच्या कॅसेटला नव्वद मिनिटं लागत्यात."

मी त्यांना समजावलं की पलीकडच्या रस्त्यावर नवं यंत्र आलंय, चौपट वेगानं कॉपी करतं, ऐकावंही लागत नाही. चाचा शांतपणे म्हणाले, "सर, घाई आसंल तर झेरॉक्सवाल्याकडं जावा. तिथं कागद निघतंय. आवाज त्याच्या टायमावरच निघतो."

मी पाय आपटत निघून गेलो आणि दोन दिवसांनी परत आलो. कारण त्या चौपट वेगाच्या कॉपीत माझा आवाज मांजरासारखा झाला होता, आणि पोरं मला पाठीमागून म्याँव करत होती.

अशी आमची सोयरीक जुळली. चाचांनी माझे सगळे तास ऐकले. अक्षरशः सगळे. पेन्सिल फिरवत, डोळे मिटून. चौथी पास माणूस, तोही निजामाच्या काळातल्या उर्दू शाळेत, पण दोन वर्षांत त्यांचं जीवशास्त्र माझ्या निम्म्या पोरांपेक्षा पक्कं झालं. एकदा कॉपी द्यायच्या ऐवजी मला स्टुलावर बसवलं. "सर, तुमी किडनीत लगवी कशी गाळली जाती ते दोनदा सांगितलं. पन नळी कुठं वळती ते ऱ्हाऊन गेलं. पोरगं तिथंच आडकंल." मी चिडलो, घरी जाऊन ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी गपगुमान परत भरून आणलं.

बरं, भरलेली कॅसेट ऐकणं एक वेळ समजू शकतो. हा माणूस कोऱ्या कॅसेटीही ऐकायचा! पुडक्यातून नवीन काढायची, यंत्रात घालायची आणि पंचेचाळीस मिनिटं एक बाजू, पंचेचाळीस मिनिटं दुसरी बाजू. नुसती खरखर. कोरी आहे याची खात्री झाली की तिच्यावर पेन्सिलीनं उर्दूत लिहायचे, 'खाली', म्हणजे रिकामी.

"कोऱ्या कॅसेटीत काय ऐकायचं असतं हो?" मी विचारलं.

"कोरी हाय का न्हाई, ते," चाचा म्हणाले. "लोक म्हनतात कोरी हाय. मी म्हनतो, ऐकलं का तुमी?"

नवं यंत्र आलं की त्याची परीक्षा घ्यायची त्यांची एक ठरलेली रीत होती. फार पूर्वी, मोठ्या चकत्यांच्या टेपवर, त्यांनी बायकोचा आवाज चोरून भरला होता. "दुकान बंद करा, रोट्या गार व्हायल्या. मशीनीशीच निकाह लावायचा व्हता तर मला कशाला आनलं?" एवढंच. चकतीवरून तो आवाज कॅसेटवर आला, कॅसेटवरून व्हिडिओच्या फितीवर, तिथून सीडीवर, मग पेन ड्राईव्हवर. चाचीचा आवाज ज्या यंत्रात चिरका येईल ते यंत्र खोटं. "बेगम चिडली तरी तिचा आवाज चिरका न्हाई," असं ते गिऱ्हाइकाला छातीठोक सांगायचे. चाची आत चुलीपाशी कपाळाला हात लावायची. पुढं ती गेली. त्यानंतरही चाचा यंत्र तसंच तपासत, फक्त तेवढ्या वेळात गिऱ्हाइकाकडं पाठ करत.

मग भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासची गावं एका पहाटेत मातीत गेली. लातुरात आम्ही कितीतरी दिवस उघड्यावर झोपत होतो, आणि चाचांच्या बोळात वेगळीच गर्दी व्हायला लागली. त्या पट्ट्यातल्या लग्नांचं शूटिंग चाचांनी केलेलं होतं. जवळच्या औशाकडून, पार किल्लारीच्या पलीकडून माणसं यायची आणि विचारायची, आमच्या घरच्या लग्नाची फीत आहे का? घरात होती ती घराबरोबर गेली. चाचा प्रत्येक फितीची एक जादा कॉपी स्वतःजवळ ठेवायचे. तीही खुळेपणाचीच सवय म्हणून आम्ही हसायचो. आता माणसं दुकानातल्या बाकावर बसून हळद लागताना हसणारी आपली मेलेली बहीण बघायची, आणि चाचा पूर्ण फीत संपेपर्यंत बाजूला उभेच राहायचे. मी त्या दिवसांत त्यांना घाई करायचं सोडलं.

फार दिवस नाही. माणूस सवयीवर जातो. फेब्रुवारी आला आणि माझं घोडं पुन्हा उधळलं.

परीक्षा पंधरा दिवसांवर होती. पोरं संध्याकाळच्या गाड्यांनी गावी निघाली होती आणि हृदयाच्या तासाची कॅसेट भरायची राहिली होती. तो शुक्रवार होता. चाचा नमाजाला गेले होते, दुकान माझ्यावर सोडून. तेवढा विश्वास आता होता. माझ्याकडची कोरी कॅसेट संपली होती. यंत्राशेजारच्या फळीवर चाचांच्या तपासलेल्या कोऱ्या कॅसेटींच्या कडेला एक करड्या रंगाची होती. तिच्यावर पेन्सिलीनं उर्दूत काहीतरी लिहिलेलं होतं. मला उर्दू येत नव्हतं, पण चाचा पेन्सिलीनं उर्दूत काय लिहितात ते मला ठाऊक होतं, असं मला वाटत होतं. खाली. दुसरं काय लिहिणार?

मी ती यंत्रात घातली, माईक पुढं ओढला आणि अडतीस मिनिटांत हृदय संपवलं. वर माझी चिठ्ठी चिकटवली. चाचा परत यायच्या आत पलीकडच्या चौपट वेगवाल्याकडं धावलो, कॉप्या काढल्या, पोरांना बसस्टँडवर नेऊन दिल्या. त्या वर्षी पोरांनी म्याँव केलं नाही, परीक्षेची भीती होती. मूळ कॅसेट मी माझ्या खोलीतल्या खोक्यात टाकली आणि विसरलो. चाचांचे दोन्ही नियम मी एका दुपारी मोडले होते. आधी ऐकलं नव्हतं, आणि घाई केली होती.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर एक बाई दुकानात आली. तिशीची असेल. किल्लारीजवळच्या एका खेड्यातली, अजून पत्र्याच्या शेडमध्येच राहत होती. मी स्टुलावर बसलो होतो. मी उठून तिला स्टूल दिलं, माठातलं पाणी दिलं. "बसा ताई, पाणी घ्या," म्हणालो. ती पाणी प्याली आणि चाचांना म्हणाली, "आमच्या मालकांनी तुमच्याकडं एक क्यासेट जोडाया दिली व्हती. फौजेत व्हते."

चाचांनी पेन्सिल खाली ठेवली.

त्यांना सगळं आठवत होतं. बाईला वाचता येत नव्हतं, म्हणून नवरा पत्राऐवजी कॅसेट पाठवायचा. एका बाजूला तो बोलायचा, दुसरी बाजू तिच्या उत्तरासाठी कोरी सोडायचा. तिनं बोलून परत पाठवायची. त्या भागातल्या फौजी घरांत ही रीतच पडली होती. ही शेवटची कॅसेट घरच्या टेपमध्ये अडकून तुटली, ऐकायच्या आधीच. नवरा गणपतीच्या सुट्टीवर आला तेव्हा ती जोडायला चाचांकडं टाकून गावी परतला. त्याच सुट्टीत भूकंप झाला. बाई ढिगाऱ्यातून निघाली, तो निघाला नाही.

"काय बोललात त्यात, म्हून म्या इचारलं व्हतं," बाई म्हणाली. "तर हासले. म्हनले, आता सांगून काय मजा? क्यासेट आली का ऐक. बाकीच्या समद्या घरात गेल्या. ही येवढीच हाय."

"हाय," चाचा म्हणाले. "मी जोडलीय. करडी हाय, मधी जोड हाय. इथंच ठिवली व्हती फळीवर, कुनीबी आलं तर लगीच देता यावी म्हून." त्यांनी फळीवर हात फिरवला. मग दुसऱ्या फळीवर. मग ते खाली बसले आणि खोकी ओढायला लागले. "आठ दिवसांनी ये, बेटी. जानार कुठं?"

करडी. मला फळीवरची ती आठवली. तरी मनाला म्हणालो, करडी कॅसेट काय जगात एकच असते?

आता मी जे सांगतो ते सांगायला मला लाज वाटते. चाचांनी दुकानातली प्रत्येक कॅसेट ऐकायला घेतली. चिठ्ठीवर विश्वास न ठेवता, पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोन्ही बाजू. गिऱ्हाईक परत पाठवायला लागले. बाई आठ दिवसांनी आली, पंधरा दिवसांनी आली, रिकाम्या हातानं गेली. मी रोज बघत होतो. माझ्या खोलीत ते खोकं होतं, आणि मी ते उघडत नव्हतो. दीड महिना. शेवटी एके सकाळी मी ते खोकं तसंच उचललं, चाचांच्या टेबलावर ठेवलं, "यातही एकदा बघा" म्हणालो आणि पळून आलो.

चार दिवसांनी त्यांचा निरोप आला. मी गेलो तर त्यांनी दार लोटून घेतलं आणि यंत्र चालू केलं. माझा आवाज आला. हृदयाचे कप्पे, झडपा, सगळं. मी मान खाली घालून ऐकत होतो. शेवटी मी म्हणालो होतो, "उद्या आपण रक्तवाहिन्या बघू. वह्या मिटा." मग खट्ट आवाज. मी उठायला लागलो. चाचांनी माझं मनगट धरून खाली बसवलं.

आणि त्या खट्टनंतर, माझ्या आवाजाच्या मागून, एक पुरुष बोलायला लागला.

अडतीस मिनिटं माझी होती. बाजू पंचेचाळीसची. उरलेली सात त्याची तशीच होती. दुसऱ्या कुणीही तास संपला म्हणून यंत्र बंद केलं असतं. मीच केलं असतं.

"चिठ्ठीखाली बघा," चाचांनी माझी चिठ्ठी सोलून दाखवली. "उर्दूत लिवलंय मी. फौजी, जोडली, घरचे येतील."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "गलती माझी हाय, सर. तुमाला वाचता यील आसं मी लिवलंच न्हाई."

बाई आली त्या दिवशी मी दुकानात हजर होतो. चाचांनी सांगितलं होतं, या. तिला त्यांनी सरळ सांगितलं, "बेटी, माझ्या हातनं गलती झाली. वरनं दुसरं भरलं गेलं. शेवटचं तेवढं वाचलंय." मी तोंड उघडलं, तर टेबलाखालून त्यांचा पाय माझ्या पायावर पडला. मी भित्रा. मी तोंड मिटलं.

माझ्या तासाचा शेवट वाजला, वह्या मिटा, खट्ट. मग तिचा नवरा बोलायला लागला. पिंपळाकडच्या तुकड्यात तूर टाकायला दादाला सांग. पोराला शाळेत रडू देऊ नको, मी पण रडायचो. इथं इतकी थंडी आहे की मिशी कडक होते. मग तो हसला. आणि शेवटी म्हणाला, "आता तू बोल. मागची बाजू तुझी हाय. समदी भर. इकडं ऐकाया लई टाईम हाय."

बाई रडली नाही. ती टेपच्या जाळीकडं बघत होती. मग म्हणाली, "अन् आधीचं?"

तेव्हा चाचांनी जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. त्यांनी डोळे मिटले, पेन्सिल हातात घेतली आणि सांगायला लागले. त्यांनी ती कॅसेट ऐकली होती ना! जोडल्यावर, रिवाजाप्रमाणं, पूर्ण. दोन वर्षांपूर्वी, एकदाच.

"सुरवातीला तो खोकला. मंग म्हनला, ऐकू येतंय का गं? मंग दोस्ताचं सांगितलं, पंजाबी हाय, तुझ्या हातच्या शेंगाच्या चटनीनं येडा झालाय म्हने, आजून धाड. मंग एक सपान सांगितलं, हिरीत पानी आलं म्हून..." अर्धा तास बोलत होते. मधेच थांबले. "इथं दोन-तीन मिनिटं काय व्हतं, मला याद न्हाई. झूट बोलनार न्हाई." आणि पुढं सुरू झाले. आपल्या उर्दू वळणाच्या मराठीत, फौजीच्या जागी बसून. तिथं मात्र बाईनं पदर तोंडाला लावला.

त्या दिवशी मला कळलं की हा माणूस कॅसेटी कशाला ऐकत होता. मी त्याला खुळा म्हणत होतो.

पुढच्या शुक्रवारी चाचांनी माझ्याकडून फळ्याच्या खडूनं पाटीवर बाराखडी काढून घेतली. साठी गाठलेला माणूस महिनाभर गिरवत बसला. त्यानंतरच्या प्रत्येक कोऱ्या कॅसेटीवर वाकड्या मराठी अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'खाली'. आणि मी, मास्तर असून, उर्दूचं एक अक्षर शिकलो नाही.

दिवस पळाले. कॅसेटींच्या सीड्या झाल्या, सीड्यांचे पेन ड्राईव्ह. माझा क्लास वाढला, मग एका मोठ्या क्लासात मिसळला, आणि शेवटी सगळा एका ॲपमध्ये गेला. फळा, तास, नोट्स, परीक्षा, सगळं पोराच्या तळहातावर. आधी ज्याला चार दुकानं लागायची त्याला एक बोट पुरायला लागलं. मी अभिमानानं चाचांना दाखवायला गेलो. तेव्हा त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं, फोन कानाला चिकटवून ऐकत होते.

"पोरं तर आता दुप्पट वेगानं बघतात," मी ओरडून सांगितलं. "तासाचा तास अर्ध्या तासात उरकतात."

चाचांनी फोन कानावरून काढला. "अर्ध्या तासात? मंग उरलेला अर्धा तास काय करत्यात?"

मी फोन खिशात टाकला.

चाचा गेले ते साधे गेले, दुपारी झोपेत. त्यांच्या मुलीनं दुकान उतरवताना सहाही पाट्या औशाला आपल्या घरी नेल्या आणि यंत्र मला आणून दिलं. "अब्बू म्हनले व्हते, सरला द्या. सर घाई करतात, पन आता जरा कमी."

मागच्या महिन्यात माझ्याकडं ती बाई आली. केस पांढरे झालेले, आता पक्क्या घरात राहते, मुलगा कारखान्यात आहे. पिशवीतून तिनं रुमालात गुंडाळलेली करडी कॅसेट काढली. "घरची टेप मोडली. पोरगं म्हनतं मोबाईलमधी घेऊ. चाचा तर न्हाईत. मंग तुमचं नाव काढलं लोकांनी."

मी चाचांचं यंत्र संगणकाला जोडलं आणि तिला खुर्ची दिली. नेहमीच्या सवयीनं फीत गुंडाळून तिनं कॅसेट नेमकी तिथं आणून ठेवली होती, माझ्या शेवटच्या वाक्यापाशी. पडद्यावर आवाजाची रेघ उमटायला लागली. वह्या मिटा, खट्ट. मी थांबवलं.

"एवढं आधीचं काढून टाकतो," मी म्हणालो. "तुमच्या मालकांच्या आवाजापासून सुरू करू."

"नगं," ती म्हणाली. "ते ऱ्हाऊ द्या."

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. इतकी वर्षं छातीत धरून ठेवलेलं एका दमात बोललो. "ताई, ती चूक चाचांची नव्हती. वरून मीच भरलं होतं. तो माझा आवाज आहे."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिशी," ती म्हणाली. "पैल्या दिशी तुमी पानी दिलं, बसा ताई म्हनलात. मंग पेटीतनं त्योच आवाज आला. मला वाचता येत न्हाई, सर. म्या मानसं आवाजावरच वळखते." मग म्हणाली, "लई राग आला व्हता. वरीसभर तुमचं बोलनं आलं का दात खायची. मंग मंग कमी झाला. आता तुमचं 'वह्या मिटा' आलं का मला कळतंय, आता ह्यांचं येनार."

मी यंत्र परत चालू केलं. सात मिनिटं आम्ही ऐकली. मागची बाजू तुझी हाय, समदी भर, तो म्हणाला आणि फीत संपली.

"मागची बाजूही घ्यायची?" मी विचारलं. "ती कोरीच असेल ना?"

तिनं पदर सारखा केला. "कोरी न्हाई. तितं म्या बोललेय. थोडं थोडं करून, इतक्या वर्सांत. भरली समदी." मग म्हणाली, "ती घ्या मोबाईलमधी. पन ऐकू नका."

मी कॅसेट उलटली आणि आवाजाची खुंटी पार खाली नेली. कोरी आहे की नाही ते न ऐकता सांगू नका म्हणणारे चाचा असते तरी त्यांनी हेच केलं असतं, असं मला वाटतं. मग मी तिला म्हणालो, आधी पहिली बाजू सुरवातीपासून घेऊ का, माझ्या हृदयासकट? ती हसली, म्हणाली, घ्या, घाई कुठं हाय.

नव्वदची कॅसेट होती. पहिली बाजू आम्ही दोघांनी ऐकली, आणि दुसरी बाजू चालू असताना यंत्राची मुकी सुई हलताना बघत बसलो, नव्वद मिनिटं पुरी होईपर्यंत.